चावीवाल्यांचा दरोगा

“बच्चा कितने साल का है?” दुकानदारानं विचारलं. मी म्हणालो, “चौसष्ट का.” तो हसेल असं मला वाटलं होतं. दिवाळीच्या तोंडावर दौलतगंजात माणसं कशालाही हसतात. पण हा इसम हसला नाही. त्यानं मान वर करून सगळ्यात वरच्या फळीकडे पाहिलं, जणू लहान बच्चे खालच्या फळीवर, मोठे मधल्या आणि चौसष्टवाले वर अशी त्याच्याकडे आधीपासून व्यवस्थाच होती. मग विचारलं, “और दूसरा?” “दूसरा अडसठ का. दोनों साथ खेलते हैं.” “झगड़ते हैं?” “रोज.” “तो फिर एक जैसे ले जाओ, बाबूजी.” इथं मात्र तो चुकला. पहिला बच्चा म्हणजे माझे सासरे संभाजीराव, दुसरा म्हणजे त्यांच्या शेजारचे नाना. एकजण एका सरदारांच्या हवेलीत चावीच्या पत्र्याच्या माणसांचा दरोगा होता, दुसरा त्याच हवेलीचा उपाध्याय. दसऱ्याला बाकी लोक तलवारींची पूजा करत, तेव्हा नाना त्या पत्र्याच्या माणसांच्या चाव्यांना झेंडूची फुलं वाहत. दोघांचंही म्हणणं असं की मान आपला मोठा. वेगवेगळं दिलं तर एकजण खाली जातो आणि सारखं दिलं तर दोघं एका पायरीवर येतात, आणि आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला खाली जाण्यापेक्षा हे एका पायरीवर येणं जास्त झोंबतं. हे सगळं हिंदीत कसं सांगायचं या विचारात मी होतो, तेवढ्यात त्यानं खोक्यातून एक पत्र्याचा यंत्रमानव काढून काउंटरवर ठेवला.

जपानी माल होता. चौकोनी डोकं, छातीवर घड्याळासारखी रंगवलेली तबकडी, पाठीत चावी. हवेलीतले जुने चावीवालेही महायुद्धाच्या आधी जपानातूनच आलेले, त्यामुळे हा त्यांचा पुतण्या वगैरे लागत असावा. मात्र जुन्यांच्या तोंडावर मिशीसारखा एक पट्टा होता. याच्या तोंडावर नुसतीच जाळी. दुकानदारानं चावी दिली आणि तो काउंटरवरून निघाला, खर्र खर्र करत, सरळ माझ्याकडे, म्हणजे कडेकडे. मी नकळत दोन्ही हात पुढे करून कडेखाली ओंजळ धरली. अकरा महिन्यांच्या जावईपणात मी एवढं तरी शिकलो होतो की चावीवाला कडेला आला की पडतो आणि त्याला झेलायचं असतं. हा कडेशी आला, थांबला, काहीतरी आत कुरकुरलं, आणि पाठ फिरवून परत चालू लागला. “गिरता नहीं है,” दुकानदार म्हणाला. “नीचे छोटा पहिया है, किनारा पहचानता है.” माझी ओंजळ तशीच. मी जवळचं स्टूल ओढून बसलो. धक्का बसायचं काही कारण नव्हतं. चार बोटांचं खेळणं वळलं, एवढंच. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एक वाक्य इतक्या स्वच्छ मराठीत उमटलं की मागून कुणी बोललं की काय म्हणून मी वळून पाहिलं. वाक्य असं होतं: एकट्या म्हाताऱ्याच्या घरात ठेवायला हा फार सोयीचा आहे. मी दोन घेतले. एक निळा, एक लाल.

सराफ्यातून चालत बाड्याच्या चौकापर्यंत आलो तरी ते वाक्य मागं मागं येत होतं. आबासाहेबांची, म्हणजे सासऱ्यांची, सगळी नोकरी झेलण्यात गेली होती. हवेलीत लांबच्या लांब शिसवी मेज होतं, त्यावर चावीवाले चालत: भालदार, चोपदार, ढोलवाला आणि सगळ्यांत थोराड असा किल्लेदार. ही नावं जपान्यांनी दिलेली नव्हती, आबांनी दिलेली होती. सरदारांची मुलं एका टोकाला चाव्या देत आणि दुसऱ्या टोकाला आबा, डोक्याला फेटा, कमरेला पट्टा, गुडघे वाकवून ओंजळ धरून उभे. एकही पडू दिला नाही, असं ते सांगत. चावीवाले फक्त एकदा पडले. अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली तेव्हा कुणी काय कळवलं देव जाणे, पण हवेलीत एक ‘यांत्रिक पथक’ आहे अशी बातमी वर गेली आणि ते ताब्यात घ्यायला एक तरुण अधिकारी जीप घेऊन हजर झाला. आबा हुकमाचे ताबेदार. त्यांनी पथक व्हरांड्यात उभं केलं, चाव्या दिल्या आणि स्वतः सावधान उभे राहिले, कारण अधिकाऱ्यापुढे ओंजळ धरणं शिस्तीत बसत नव्हतं. पथक चालत चालत व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून खाली गेलं. अधिकाऱ्यानं म्हणे शेवटचा शिपाई पडेपर्यंत सॅल्यूट धरून ठेवला होता, मग जीपमध्ये बसून जाईपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. पुढे हवेली वाटण्यांत फुटली, मुलं मोठी होऊन इंदूर-पुण्याकडे पांगली, आबांना पशुसंवर्धन खात्यात सामावून घेतलं. कारण विचारू नका, त्यांनाही कुणी सांगितलं नाही. चावीवाले मात्र कुणाला नको होते म्हणून आबांकडे आले. दौलतगंजातल्या दोन खोल्यांत ते भिंतीशी रांगेत उभे असतात. बहुतेकांच्या कमानी मोडल्यात. मला जावई म्हणून पसंत करण्यापूर्वी आबांनी एकच परीक्षा घेतली होती: किल्लेदाराला चावी दिली, मेजाच्या टोकाशी मला उभं केलं आणि पाहिलं. मी झेलला. कुमुदिनी पडद्याआडून बघत होती. तिनं नंतर सांगितलं की आधीचा एक स्थळवाला खिशात हात घालून उभा राहिला होता.

आता छप्पन्न साली राज्य पुन्हा बदलणार होतं. मध्यभारत नावाचं राज्य, ज्याच्या कचेरीत मी कारकून होतो, ते दिवाळीतच संपणार होतं आणि राजधानी भोपाळला जाणार होती. राजधानीबरोबर फायली जाणार होत्या आणि फायलींबरोबर मी. कचेरीत यावर मी पुष्कळ विनोद केले. मोठ्या साहेबांना विचारलं, राज्य बदलतंय त्या रात्री कूस बदलायला परवानगी लागेल का. ते म्हणाले, “लिहून द्या.” थाटीपूरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मात्र विनोदाला गिऱ्हाईक नव्हतं. कुमुदिनी ट्रंकेवर बसून म्हणाली, “आबांना एकटं सोडून मी येणार नाही. सांगून ठेवते.” मी म्हटलं, आणू ना त्यांना. ती म्हणाली, “तुम्ही तर असं बोलता की जसं काही ते येणारच.” ते येणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. ते थाटीपूरला येत तेव्हा स्वतःचा तांब्या भरून आणत आणि खुर्चीवर बसत, कारण खुर्ची सरकारी होती. चहा पुढे केला की तांब्यातलं पाणी पीत आणि म्हणत, “छान झालाय.” असा माणूस भोपाळला राहायला कसा येणार? आणि न आला तर दौलतगंजातल्या त्या दोन खोल्यांत त्यांच्याकडे पाहणार कोण? गेल्या उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडले होते. नानांच्या घरी आवाज गेला म्हणून बरं.

तोड कुमुदिनीनंच काढली. हा आमचा पहिला दिवाळसण. दिवाळसणाला जावई पाटावर बसतो, ओवाळून झालं की सासरा विचारतो, काय हवं. जावई रुसतो, फुगतो, आणि मग जे मागेल ते सासऱ्यानं द्यायचं असतं. नाही म्हणायची सोय नाही. कुणी सायकल मागतो, कुणी अंगठी. “तुम्ही आबांनाच मागा,” ती म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही. “नेमाला नेमच तोडू शकतो. फक्त एक करा, हात जोडते. सीरियसली मागा. तुमचा ना, काही भरवसा नाही. तिथं जाऊन जोक माराल आणि सगळं बेकार होईल.” मी वचन दिलं. पण तेव्हापासून एक विचित्र अस्वस्थता अंगात राहायला आली होती. मी आयुष्यात कुणाकडे काही गंभीरपणे मागितलेलं नव्हतं. वडिलांकडे शाळेची फीसुद्धा मी भिकाऱ्याच्या आवाजात मागत असे. ते हसत आणि देत. हसवून मागितलं की नकाराचा अपमान होत नाही. शिवाय खरं सांगायचं तर भोपाळच्या एका खोलीत मी, कुमुदिनी आणि भिंतीशी रांगेत उभे चावीवाले, आणि सकाळी सहाला फेटा बांधून सावधान उभे आबा, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला घाम फुटे. ते नाही म्हणतील, आपण मागितल्याचं पुण्य मिळेल, निळा यंत्रमानव त्यांच्याजवळ राहील. असं आतल्या आत मी ठरवून टाकलं होतं की काय? दुकानातलं ते वाक्य काही आकाशातून पडलेलं नव्हतं.

पाडव्याला सकाळी आम्ही दौलतगंजात पोचलो तेव्हा राज्य बदलून गेलेलं होतं आणि रस्त्यात त्याची काही खूण नव्हती. फटाक्यांचे कागद तेच, गाई त्याच. आबांनी दारात फेटा बांधून स्वागत केलं. “या जावईबापू. नव्या राज्यात पहिल्यांदाच येताय, पाय पुसून या.” नाना आधीच येऊन जाजमावर बसलेले, अंगावर उपरणं. मी खोकी पुढे ठेवली. निळं आबांपुढे, लाल नानांपुढे. नानांनी दोन्ही खोक्यांकडे पाहून विचारलं, “मोठं कोणतं?” “सारखीच आहेत, नाना.” “सारखी?” दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जसं काही मी दोघांनाही एकाच ताटात जेवायला बसवलं होतं. मग नाना म्हणाले, “लाल रंग शुभ. म्हणजे माझं वरचं,” आणि आबा म्हणाले, “निळं आधी ठेवलं. क्रम माझा पहिला,” आणि दोघांचंही समाधान झालं. नवं राज्य करणाऱ्यांनी या दोघांना बोलावलं असतं तर बरेच तंटे वाचले असते, असं मी कुमुदिनीच्या कानात म्हणालो. तिनं मला चिमटा काढला. चिमट्याचा अर्थ मला कळला.

आबांनी निळ्याला मेजावर ठेवलं. साधंच मेज, त्यावर दिवाळीसाठी धुतलेला कपडा. चावी देण्याआधी त्यांनी ती नानांच्या पुढे धरली. नानांनी तिला कुंकवाचं बोट लावलं. मग आबांनी चावी दिली, सोडला, आणि मी ज्याची वाट पाहत होतो आणि ज्याला घाबरत होतो तेच झालं. ते लगबगीनं मेजाच्या दुसऱ्या टोकाला गेले, गुडघे वाकवले आणि ओंजळ धरली. गुडघे वाकवताना त्यांच्या तोंडून आवाज आला. निळा खर्र खर्र करत गेला, कडेशी थांबला, कुरकुरला आणि वळला. आबांची ओंजळ तिथंच होती, कडेखाली, बरोबर जिथं असायला हवी तिथं. त्यांनी खाली पाहिलं, मग वर पाहिलं. चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. भर रस्त्यात ओळखीच्या माणसानं न बघता पुढं जावं तसा चेहरा झाला होता. “हा पडत नाही?” त्यांनी विचारलं. “नाही, आबासाहेब. त्याला कड कळते.” “अस्सं.” निळा परत येऊन पुन्हा वळला. नाना म्हणाले, “मग दरोग्याचं काम काय?” आबांनी ओंजळ मोडली, हात धोतराला पुसले, ओले नसताना. “सुधारणा आहे,” ते म्हणाले. “चांगली सुधारणा आहे.” मला वाटलं मी काहीतरी भयंकर केलंय, आणि ते रंगीत कागदात गुंडाळून आणलंय.

मग पाट मांडले गेले. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि लेक बापाला, तेव्हा मी आणि आबा शेजारी शेजारी बसलो, रांगोळीच्या मध्ये, कानांत अत्तराचा फाया. कुमुदिनीनं निरांजन फिरवलं. माझ्या डोळ्यांसमोरून ज्योत गेली तेव्हा तिच्यामागं तिचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत एकच हुकूम होता. आबांनी रीतीप्रमाणे विचारलं, “बोला जावईबापू, काय हवं? सायकल म्हणाल तर नानांची मागावी लागेल.” “माझी नाही देणार,” नाना म्हणाले. मी रुसलो नाही, फुगलो नाही. म्हटलं, “आबासाहेब, मला तुम्ही हवे आहात. तुम्हाला भोपाळला घेऊन जायचंय.”

आबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. हसणं पोटातून आलं, फेटा हलला. “वा! वा, नाना, ऐकलंत? यंदाच्या दिवाळीतली सगळ्यांत चांगली थट्टा. जावयानं सासरा मागितला! उद्या सासू मागेल स्वर्गातून!” नानाही हसू लागले, उपरण्यानं डोळे पुसू लागले. आणि मला — हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, कुमुदिनीलाही नाही — मला अंगभर सुटल्यासारखं वाटलं. गार, गोड, आंघोळीनंतर वाटतं तसं. झालं. मागितलं. थट्टेत गेलं. अपमान कुणाचाच नाही. आता फक्त मीही हसायचं होतं, एक हसणं, आणि भोपाळच्या खोलीतल्या भिंती रिकाम्या झाल्या असत्या. ओठ हलले सुद्धा. आणि त्या सुटकेचाच मला असा धक्का बसला की मी पाटावरून उठून उभा राहिलो. इतका आराम वाटतो? इतका? कुमुदिनी निरांजनाचं ताट धरून उभी होती आणि आबांकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला आधीपासून माहीत होतं असं काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

“थट्टा नाही,” मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. कचेरीत हजेरी देताना निघतो तसला सपाट आवाज होता. “आबासाहेब, थट्टा नाही. मला दिवाळसणाला तुम्हीच हवे आहात. दुसरं काही घेणार नाही. मी आता जे बोलतोय त्यात विनोद कुठं असेल तर नानांनी दाखवावा.” नानांनी उपरणं डोळ्यांवरून काढलं. शोधल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “नाही,” ते हळू म्हणाले. “यात नाहीये काही.”

आबांचं हसणं तोंडावरच राहिलं, फक्त आतून निघून गेलं. बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड लावली. ती संपेपर्यंत आबा थांबले. मग ते पाटावर बसल्या बसल्याच नानांकडे वळले. मित्राकडे वळावं तसे नाही. उपाध्यायाकडे वळावं तसे. “नाना, मागितलं आहे. नाही म्हणता येत नाही. पण लेकीच्या घरचं अन्न घेता येत नाही. शास्त्र काय?” मला वाटलं नाना आता नाही म्हणतील. त्यांना नाही म्हणायला किती कारणं होती! रोजचं भांडण जाणार होतं, पडल्याचा आवाज आला की धावत जावं असं शेजारी कुणी उरणार नव्हतं, दौलतगंजात त्यांच्या वयाचा दुसरा माणूस नव्हता. नानांनी उपरण्याच्या काठाला बोटानं बराच वेळ पीळ दिला. “दान दिलेली वस्तू,” ते म्हणाले, “घेणाऱ्याच्या घरची होते. मग ती कुणाचा बाप नसते, कुणाचा सासरा नसते. तिला नेम नाही, दोष नाही.” “चहा?” “चालेल.” “जेवण?” “जेवणही चालेल, संभाजीराव. दोन्ही वेळचं.” “आणि हे?” आबांनी भिंतीकडे मान वळवली. “ते इथं माझ्याकडे राहतील. चाव्यांना फूल लागतं. तुम्हाला ते जमत नाही, तुम्ही नेहमी झेंडू उलटा वाहता.” “उलटा नाही.” “उलटा.” मग नाना घसा खाकरून म्हणाले, “पण एक आहे. दान दिलेली वस्तू आपल्या पायांनी उठून जात नाही. घेणाऱ्यानं ती उचलायची असते. नाहीतर ते दान नव्हे, प्रवास.”

मी कुमुदिनीकडे पाहिलं. तिनं ताट खाली ठेवलं होतं आणि पदर तोंडाशी धरला होता. आबा पाटावर ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर, समोर बघत. अधिकाऱ्यापुढे ते असेच असणार. मी वाकलो. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखालून. पूर्ण ताकद लावली, कारण लग्नात मी ज्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं ते गृहस्थ चांगले थोराड होते, आणि त्या ताकदीपायी मीच मागं कलंडलो. वजन नव्हतं. फेटा होता, अंगरखा होता, अत्तर होतं, आणि आत जवळजवळ कुणी नव्हतं. हे कधी झालं? दर रविवारी मी समोर बसत होतो, विनोद करत होतो. “धरलंत ना नीट?” आबांनी समोर बघतच विचारलं. मी पाय रोवून तोल सावरला. त्यांनी एक हात माझ्या मानेमागं टाकला, लहान मुलं टाकतात तसा. कुमुदिनी माझ्याकडे बघत होती, आणि पुढं काय करायचं ते मला कळेना.

“नाना,” मी म्हटलं, “आता ठेवू कुठं?”

नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. “भोपाळला,” ते म्हणाले.